हिमायतबागेतली गाठ

आई, आज सकाळी माझी लेक विचारत होती, मैत्रिणींबरोबर मकबऱ्याला जाऊ का. मी जा म्हणाले, आणि मग कशातच लक्ष लागेना. आंबे मोहरलेत, कॉलेजची पोरं-पोरी स्कूट्यांवरून नुसती उधळलीयत. अशा दिवसांत मला तुझा राग येतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

आमच्या होस्टेलचा नियम तुला माहीतच होता. रविवारी घरचं कुणी न्यायला आलं तरच फाटक उघडायचं. बाकीच्या पोरींना त्यांचे वडील मकबरा, पाणचक्की, वेरूळ दाखवून आणायचे. तू सोयगावहून पहिल्या गाडीनं यायचीस, लुगड्याला मेंढरांचा वास, डोळे लालभडक. फाल्गुन-चैत्रात आपली मेंढरं कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवलेली असायची, आणि लांडग्याच्या भीतीनं रात्रभर जागायचीस तूच. "चल बाई, दाखव तुहं शहर," म्हणायचीस, आणि हिमायतबागेत पहिली गार सावली दिसली की तिथंच आडवी. त्याआधी मात्र माझ्या ओढणीचं टोक तुझ्या पदराला करकचून बांधायचीस. रानात दुपारी डोळा लागला तर कोकरू भटकू नये म्हणून त्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची सवय तुझी. शहरात कोकरू मी. "गुमान बस. हरवलीस तर तुह्या बापाला काय सांगू?" एवढं म्हणेस्तोवर तू घोरायला लागायचीस. आठवडाभर मी भिंतीआड, आणि रविवारी तुझ्या पदराला. समोरून माझ्याच वर्गातल्या पोरी बर्फाचे गोळे चोखत जायच्या, मला बघून खुदुखुदु हसायच्या. जीव गुदमरायचा माझा.

एका रविवारी मी गाठ सोडली. तू ढिम्म हलली नाहीस. मी बागेच्या फाटकापर्यंत गेले, बाहेरच्या रस्त्याला मकबऱ्याकडं निघालेल्या पोरी दिसत होत्या. थोडा वेळ उभी राहिले, परत आले आणि गाठ होती तशी बांधून ठेवली. उठल्यावर तू ती चाचपलीस.

"ही गाठ माही नाय."

माझी पाचावर धारण बसली.

"सोडली व्हती व्हय? मंग गेली कामून नाय?"

तुझे डोळे भरून आले, मला जवळ ओढलंस. "माही लेक मला टाकून जायची नाय," म्हणालीस. परतताना एसटी स्टँडवर मला उसाचा रस पाजलास.

पण ते तिथंच ठेवलं असतंस तर! गावात घरोघर सांगितलंस, सोयरे आले की सांगितलंस, पुढं माझ्या सासूबाईंनाही सांगितलंस. मला पुण्याची नोकरी लागली तेव्हा कुणी जा म्हणालं नाही, नको जाऊ असंही म्हणालं नाही. बाबा नुसते हसले. "ती कुठं जाती? तिनं तर सुटलेली गाठ परत बांधली," म्हणाले, आणि विषय संपला. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही सांभाळणार कोण हे कुणी विचारलं नाही. मी केलं ते मायेनं केलं गं, त्यात खोट नाही. पण मला कधी कुणी विचारलंच नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. लई गुणाची लेक!

माझी लेक आत्ताच परत आली. फोनमधले फोटो दाखवत होती. "आई, तू इथंच राहून अजून मकबरा पाहिला नाहीस?" म्हणाली. मी म्हटलं, भाकरी टाकायच्यात.

हे पत्र टाकणार तरी कुठं? तुला अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. तू विचारलं होतंस ना, मंग गेली कामून नाय? का गेले नाही, ते आज सांगते. फाटकाबाहेर ट्रक, रिक्षा, एसट्या थांबतच नव्हत्या. मला रस्ता ओलांडायची भीती वाटली, आई. एवढंच होतं ते.