उरलेलं पाणी

अमरावती
९ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास,
ताराचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. वहिनीचे गुडघे आता बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. तू मोबाइलवर दोन ओळीही टाकत नाहीस म्हणून मैथिली तुला मोगलांच्या काळातला म्हणते. मी तिला म्हटलं, मामाचा आवाज गेला आहे, अक्षर नाही; मास्तराचं अक्षर पाहायला मिळतंय तोवर पाहून घे. गळ्याशी मफलर बांधतोस तो सुती असू दे. लोकरीचा तंतू त्या भोकात गेला तर पुन्हा दवाखाना.

आता कामाचं. 'लोटलेलं दार' मी पुन्हा बसवते आहे. राज्य नाट्य स्पर्धेत नाव दिलं. मुलीचं काम मी करायचे, ते आता मैथिली करेल. अडलं आहे ते बापापाशी. बाप एकदाही रंगमंचावर येत नाही, आतल्या खोलीतून नुसता बोलतो, आणि लोक घरी जाताना त्याच्याविषयीच बोलत जातात. ते काम इतकी वर्षं तू विंगेत उभा राहून केलंस. तुझं स्वरयंत्र काढलं तेव्हा मी नाटकही मिटलं. या वेळी तिघांना उभं करून पाहिलं. तिघेही आवाज काढतात. बोलत कोणीच नाही.

चौथा बरा आहे. संघपाल. बार्शीटाकळीला कृषी खात्यात नोकरी, बिऱ्हाड अकोल्यात, तुझ्या घरापासून चालत जाण्याइतकं. रविवारी त्याला पाठवते. आपल्या मंडळाची रीत मी त्याला समजावली आहे: काम सोडणाऱ्यानं गिलासातलं अर्धं पाणी प्यायचं, घेणाऱ्यानं उरलेलं. परत करायचं झालं तर उलट. सोडणाऱ्यानं वर म्हणायचं, खेळापुरतं दिलं. तुझ्याआधी बाप करणाऱ्या वामनरावांनी तुला असंच दिलं होतं. तुला म्हणता येणार नाही, पण पाणी पिता येतं. तेवढं कर. रुसून बसू नकोस. या वयात ते शोभत नाही आणि वहिनीला त्रास होतो.

राग तुझ्यापाशी राहू दे, माया तेवढी इकडे पाठव.

तुझी,
तारा


अकोला
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तारास,
अ. उ. आशीर्वाद.

संघपाल काल येऊन गेला. दारातच चप्पल काढून उभा राहिला, मी पाटीवर 'ये' लिहिलं तेव्हा आत आला. चाळिशीचा असेल. आवाज जाडाभरडा, वाळूवरून पोतं ओढावं तसा. तुला त्यात काय दिसलं ते आधी कळलं नाही. मग तो गोदाशी गुडघ्यांच्या औषधाविषयी बोलू लागला तेव्हा कळलं. तो समोरच्याशी बोलतो.

गोदानं पाणी आणलं. मी अर्धं प्यालो आणि गिलास त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो उचलला आणि हसायला लागला. म्हणाला, सर, आमच्या आज्याले गावातल्या विहिरीच्या पायरीवर उभं राहू देत नव्हते, अन् तुमी मले उष्टं पाणी पाजून राहिले. आज्या असता तर म्हणला असता, पे बेट्या, दोन गिलास पे. मग एका दमात प्याला. मीही हसलो. माझं हसणं आता गळ्यातून नुसती हवा सोडतं, पण त्यानं ते ओळखलं.

प्यायल्यावर त्यानं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं, दार कोणी लोटलं. त्याच्याच आवाजात. मला बरं वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही.

पाटी मांडीवरच होती. खेळापुरतं दिलं, हे लिहायचं राहिलं. तो गेल्यावर लक्षात आलं. लिहिलेलं चालतं की नाही हेही ठाऊक नाही. आजवर सगळ्यांनी ते उच्चारलं आहे.

मैथिलीला सांग, दाराकडे पाहायचं नाही. बापाकडे न पाहता बोलते ती मुलगी, त्यातच नाटक आहे. तुला शंभरदा सांगितलं होतं, तिला एकदाच सांगतो.

आठवणीत ठेवा.

तुझा,
चिंतामण


अमरावती
२ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
ताराचा सा. न. वि. वि.

प्रयोग झाला. पहिला क्रमांक आला. अंतिम फेरी जानेवारीच्या अखेरीस आहे. ही बातमी आधी लिहिली, कारण पुढचं कसं लिहावं ते सुचत नाही.

तालमीत संघपाल त्याच्याच आवाजात बोलत होता. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा झाली, पडदा गेला आणि आतल्या खोलीतून तू बोललास. तुझ्यासारखं कोणी बोललं, असं नाही. तू. वाक्याच्या शेवटी थोडा श्वास ठेवून थांबायचास, तसा. मी समोरच्या विंगेत होते. संघपालचे ओठ हलताना मला दिसत होते. डोमाजी प्रकाशाची कळ तशीच सोडून माझ्याकडे आला आणि विचारू लागला, दादासाहेब कधी आले, मले कोणी सांगतलं काहून नाही. मैथिलीनं मान वळवली. तुझा निरोप तिला पाठ होता, तरी वळवली. परीक्षकांनी नंतर विचारलं, जुनं ध्वनिमुद्रण वापरलंत का.

प्रयोग संपल्यावर संघपालनं चहा मागितला. त्याच आवाजात. आम्हाला वाटलं, चेष्टा करतो आहे. सगळे हसले. तो का हसत नाही ते तेव्हा कळलं नाही. आम्ही कशाला हसतो आहोत, हे त्यालाच कळत नव्हतं.

मी आनंदात आहे आणि मला भीती वाटते आहे. तू काही करू शकतोस का, हे विचारत नाही. काही करावंस अशी इच्छा आहे का, तेही मला अजून ठरवता येत नाही.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुझी,
तारा


अकोला
११ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
सप्रेम जय भीम.

मी दीक्षा, संघपाल यांची पत्नी. आपली भेट नाही. तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही, आणि घरी येऊन तुमच्या मिसेससमोर हे बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

नाटक झाल्यापासून यांचा आवाज बदलला आहे. डॉक्टरला दाखवलं. घसा साफ आहे म्हणाले. धारणीहून सासूबाईंचा फोन येतो, हे हॅलो म्हणतात आणि त्या राँग नंबर म्हणून ठेवून देतात. आमची मुलगी चार वर्षांची आहे. बाबांना पाहून धावत येते आणि ते बोलले की माझ्या मागे लपते. यांना स्वतःला फरक ऐकू येत नाही. मलाच विचारतात, काहून घाबरून राहिले तुमी सारे. तेही त्या आवाजात विचारतात.

पाणी प्यायल्याचं त्यांनी मला सांगितलं. आम्ही असलं काही मानत नाही सर. मी शाळेत विज्ञान शिकवते. पण मुलीचं काय करू? परत द्यायची रीत आहे असं कळलं. ते तुमच्याकडे येतील. तुम्ही प्या, एवढीच विनंती.

तुमच्या मिसेसना माझा जय भीम सांगा. ओळख नसताना लिहिलं, ते मनावर घेऊ नये.

आपली,
दीक्षा


अमरावती
१६ डिसेंबर २०२४

ती. स्व. दादास,
ताराचा सा. न. वि. वि.

दीक्षाचा मला फोन आला होता. तिनं तुला लिहिलं आहे, हे कळलं.

मी वाईट बाई आहे असं समज, पण अंतिम फेरी होईपर्यंत थांब. मैथिलीला असा बाप पुन्हा मिळायचा नाही. मुंबईच्या दोन निर्मात्यांनी तिला पाहायला येतो म्हणून कळवलं आहे. तू परत घेतलंस तर तो आवाज तुलाही मिळणार नाही आणि आम्हालाही. ज्यात राहायचा ते तुझ्या गळ्यातून काढून टाकलं आहे. मग तो जाईल कुठे, याचा विचार कर.

रागावलास तरी पत्र लिही. तुझ्या शिव्यांनाही आम्ही भुकेले आहोत.

तुझी,
तारा


अकोला
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. तारास,
अ. उ. आशीर्वाद.

तू वाईट नाहीस. तुझ्या पत्राआधीच मी थांबलो होतो.

संघपाल रोज संध्याकाळी बार्शीटाकळीहून परतताना येतो. पहिल्या दिवशी गोदा भाजीला गेली होती. त्यानं गिलास मागितला, अर्धं पाणी प्याला, उरलेलं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, घ्या सर, दीक्षा जेवू देत नाही. ते वाक्य मी ऐकलं. माझा आवाज आजवर मी आतूनच ऐकला होता. बाहेरून तो असा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी गिलास बाजूला सारला आणि त्याच्या हातात वर्तमानपत्र दिलं. त्यानं कापसाचे भाव वाचले, निधनवार्ता वाचल्या, गॅस एजन्सीची जाहिरात वाचली. मी पाटीवर लिहिलं, उद्या.

तो रोज वाचतो. मी रोज उद्या लिहितो. तो भला माणूस आहे. मास्तरांच्या शब्दाबाहेर जात नाही.

परवा मी पाटीवर नाव लिहिलं. गोदा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हाक मारली. स्वयंपाकघरातून लगेच आलं, ओ, आले. ऑपरेशन झाल्यापासून मी तिला ताटलीवर चमचा वाजवून बोलावतो. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. संघपालकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पोळी करपेल म्हणाली आणि आत गेली. पोळी तव्यावर नव्हती. ती कणीक मळत होती.

मैथिलीला आशीर्वाद. आमच्याविषयी फार विचार करू नका, पण थोडा करा.

तुझा,
चिंतामण


अकोला
३ जानेवारी २०२५

आदरणीय सर,
सप्रेम जय भीम.

तुम्ही रोज उद्या लिहिता, असं हे सांगतात. मला राग धरायचा नाही. तुमचं काय गेलं आहे ते मला कळतं.

हे घरी आता बोलत नाहीत. मुलगी घाबरते म्हणून नाही. बोलायचं ते तुमच्याकडे बोलून येतात असं वाटतं. काल हे दिवाणावर बसले होते, आणि मुलगी शेजारच्या पार्बताबाईंना विचारत होती, माझे बाबा कधी येतील.

आज सकाळी यांनी मला हाक मारली. गोदा, म्हणाले. मी वळून पाहिलं नाही. पुन्हा म्हणाले. आपण काय म्हटलं ते त्यांना कळलं नव्हतं.

तुम्ही शिक्षक होता, मीही आहे. याहून जास्त लिहीत नाही. तुमच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून थांबते.

आपली,
दीक्षा


अकोला
९ जानेवारी २०२५

चि. सौ. तारास,
अ. उ. आशीर्वाद.

परवा मी ते पाणी प्यालो. अंतिम फेरीला दुसरा कोणी उभा कर, किंवा आतल्या खोलीत कोणीच ठेवू नकोस. मैथिली चांगली असेल तर तिला उत्तराची गरज पडायची नाही.

दीक्षाचं पत्र वाचून प्यालो, असं लिहिता आलं असतं. ते खरं नाही. तिचं पत्र मी वाचलं, घडी घातली, आणि संध्याकाळी पाटीवर पुन्हा उद्या लिहिलं.

त्या दिवशी गोदा बाहेर येऊन बसली. माझ्या शेजारी नाही, संघपालच्या समोर. तिनं त्याला चहा दिला. मला द्यायला विसरली. मग तिनं त्याला विचारलं, सेमाडोहला जीप बंद पडली होती तेव्हा तुम्ही मला काय म्हणाला होतात. आमचं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. संघपालचा जन्मही नसेल. त्यानं कप खाली ठेवला आणि सांगितलं. तारा, मी ते विसरलो होतो. त्यानं सांगितल्यावर आठवलं. गोदा हसली. मग तो हसला, आणि ते हसणं मी ओळखलं. मी ताटलीवर चमचा वाजवला. पुन्हा वाजवला. दोघांपैकी कोणी इकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याला दारातच थांबवलं. गिलास भरून आणला. तो अर्धा प्याला, मी उरलेला संपवला. त्यानं खाकरून पाहिलं आणि म्हणाला, सर, झालं काय हो. आवाज पुन्हा वाळूवरून पोतं ओढल्यासारखा. घरी जा, मी लिहिलं. तो पळतच गेला. काल दीक्षाचा निरोप आला, मुलगी त्याच्या मांडीवरून उतरत नाही.

मी आरशासमोर उभा राहून तोंड उघडलं. मफलर हलला, बाकी काही नाही.

त्याच संध्याकाळी थोड्या वेळानं गोदा दोन कप घेऊन बाहेर आली आणि खुर्चीपाशी उभी राहिली. आले नाहीत का, असं तिनं विचारलं. मी पाटीवर सगळं लिहिलं, पाटी भरली. तिनं वाचलं. एक कप आत नेऊन धुतला आणि वरच्या फळीवर ठेवला. दुसरा माझ्यापुढे ठेवला. माझी औषधं वेळेवर देते. मफलर धुते. माझ्या पाटीला उत्तर देते, जितकं विचारलं तितकंच.

काल सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा कपाळावर कुंकू नव्हतं. मी माझ्या कपाळाला बोट लावून दाखवलं. विसरले, म्हणाली. आज पुन्हा विसरली.

तुला जमेल तेव्हा ये. दारातूनच मला हाक मार, तिला ऐकू जाईल अशी.

तुझा,
चिंतामण