बरणीसाठी नागाचं मुंडकं

मेडशी,
दि. ११ नोव्हेंबर १९५६

रतनसिंगदादा यांस,
जगदेव मास्तरचा रामराम.

इकडे सर्व ठीक, असं लिहून एक कागद बाजूला ठेवला. हा दुसरा. थंडी पडू लागली आहे. तांड्यावरच्या विहिरीला पाणी आहे. लालसिंगच्या मागं हिरीबाई एकट्याच कापूस वेचतात. तुमचं खांडव्याहून आलेलं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. "तूच माह्या भावाले त्या दिवशी गवताले धाडलं, आता माहेरी जाय," हे वाचताना माझा आवाज बदलला नाही. त्यांनी ऐकलं आणि पुन्हा शेतात गेल्या.

शाळेतलं नवलाईचं कपाट तुमच्या भावानंच भरलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? सुगरणीचं घरटं, सापाची अखंड कात, शिंगाचा भुंगा. फुलपाखरू पायांनी चव घेतं, असं मी मुलांना सांगत होतो तेव्हा तो दारात उभा होता. "मास्तर, मंग त्याले चप्पल घालाची सोय नाई!" पोरं किती हसली.

चार ऑक्टोबरला सकाळी त्यानं शेताच्या धुऱ्यावर नाग मारला. विळ्यानं मुंडकं वेगळं झालं. मी शाळेकडे निघालो होतो. तो मुंडकं ठेचायला दगड उचलत होता. मी ओरडलो, "ठेचू नको! बरणीत ठेवू, पोरांना दात दिसतील."

"पन पुरतं मेलं का?"

"धड तिकडे पडलंय. आता काय मरायचं राहिलं?"

मी शाळेतून बरणी आणि स्पिरिट आणलं. अर्धा तास तरी गेला असेल. त्यानं मुंडकं दोन बोटांत उचललं. जबडा उघडला आणि अंगठ्यावर मिटला. सोडवायला मला काडी घालावी लागली.

"मास्तर, हे तं जित्तं हाय," एवढंच तो म्हणाला.

बैलगाडीतून त्याला सडकेवर नेलं. वाशीमची मोटार येण्याआधी त्याच्या पापण्या मिटल्या, मग बोलणं गेलं. मोटार आली तेव्हा तो नव्हता. गवत कापताना चावला, असं मी हिरीबाईंना सांगितलं. सगळ्यांनी तेच धरलं.

पुढं वाशीमच्या एका डॉक्टरांना विचारलं. सापाचं रक्त थंड, त्याला प्राणवायू थोडका पुरतो, म्हणून तुटलेलं डोकं तासभरही चावू शकतं, म्हणाले. नाग मारला त्याच आठवड्यात मी पालीची तुटलेली शेपटी वळवळते तो धडा घेतला होता. तरी सुचलं नाही.

मला रडू आलेलं नाही. हजेरी घेतो, घंटा देतो, भाकरी खातो.

तुम्ही बाराव्याला आलात तेव्हा मास्तर परगावी गेलेत असं तुम्हाला कळलं. मी घरातच होतो, आतून कडी लावून.

काल शेतात जाऊन हिरीबाईंना खरं सांगितलं. त्या कापसाची ओटी धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मले सांगून काय करू? दादाले लिवा. ते मलेच दोष देऊन राह्यले."

म्हणून हे पत्र त्यांच्यासमोर लिहिलं, वाचून दाखवलं. शेवटी एवढं घाला म्हणाल्या: "मी माहेरी जात नाई. कापूस माह्या हातानं येचीन. मास्तरले काय म्हनाचं, ते तुमी ठरवा."

तुम्ही या. तांड्याच्या पंचांसमोर मी हेच बोलेन.

'आपला' लिहवत नाही.

जगदेव