रावसाहेबांचं पोट

अगं,

तुझा आत्ताच डोळा लागलाय, म्हणून उठवलं नाही. रावसाहेबांच्या पिंजऱ्यातला सकाळचा घाण कागद डब्यात घालून डॉक्टरांकडे निघालोय. डबा माझा आहे, तुझ्या डब्यांना हात लावलेला नाही.

पिंजऱ्यावरची चादर राहू दे, रावसाहेबांना ऊब हवी. पाणी ताजं ठेव. पेरू देऊ नकोस, मान वाकडी करून कितीही लाडात आले तरी.

आता खरं सांगतो. काल डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू छातीठोकपणे म्हणालीस, "आमचा पोपट पेरूशिवाय कशाला चोच लावत नाही." आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. परवा रावसाहेबांनी खारे वेफर खाल्ले. माझ्या हातून. मला रक्तदाबासाठी बंदी असलेले, पुस्तकांमागे लपवलेले. औषध चुकायला नको, म्हणून आज डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. उरलेला पुडा ओट्यावर ठेवलाय.

आल्यावर काय बोलायचं ते बोल. फक्त पिंजऱ्याजवळ बसून बोल. दोन दिवस रावसाहेब गप्प आहेत, आणि तू मला झापायला लागलीस की त्यांना मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही.