शेवटची चौकोनी सिगार

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा वजनकाटे दुरुस्तीचा (आता बंद), हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि स्वतःच्या मर्जीने करीत आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी जुमानला नसता, हे घरच्यांना चांगले ठाऊक आहे.

१. राहते घर व खालचे दुकान थोरल्या मुलीला. स्वयंपाकघरातला नळ आधी पूर्ण डावीकडे आणि मग केसभर उजवीकडे फिरवावा, म्हणजे गळत नाही. प्लंबर बोलावू नये.

२. बँकेतील शिल्लक दोन्ही मुलींना समसमान.

३. प्रमाणित वजनांची पेटी, चिमटा व भिंग धाकटीला. वजनांना बोट लावू नये, घामानेसुद्धा वजन चुकते. जावईबापूंनी त्यांचा टेबलावरचे कागद दाबायला उपयोग केल्यास हे कलम रद्द समजावे.

४. समोरच्या बेकरीवाल्याला जुना तराजू. त्याचे पाव वजनात कमी भरतात असे मी वीस वर्षे सांगत आलो. शेवटी तपासले, बरोबर भरतात. मात्र तो माझ्या दारात गाडी लावतो, ते मी विसरलेलो नाही.

५. निकाराग्वाची एक सिगार, पेटीत दाबून चौकोनी केलेली, वीसपैकी उरलेली शेवटची, माझ्या मेहुण्याला. तो दातांचा डॉक्टर आहे. या कलमाला खुलासा लागेल.

ही पेटी त्यानेच परदेशातून मला आणली होती. दर रविवारी दुपारी आम्ही एकेक सिगार ओढायचो आणि बांधणी, ओढ, जळण व चव पाहून शंभरपैकी गुण द्यायचो. आपापले गुण कार्डावर लिहून कार्ड पालथे ठेवायचे, आणि दोन्ही कार्डे माझ्या पत्नीने उलटायची, असा नियम होता. पहिल्या सिगारला दोघांचेही त्र्याण्णव. सुरुवातीला काळी मिरी, मध्यावर कोको, शेवटी कोरी कॉफी, आणि राख दीड इंच होईपर्यंत पडली नाही.

मग पेटी पत्नीच्या कपाटात ठेवली, कारण तिथली हवा बदलत नाही. पाचव्या रविवारी मी चौऱ्याण्णव दिले आणि शेजारी लिहिले, ‘शेवटी एक दुर्मिळ थंडावा.’ त्याच्या कार्डावर बासष्ट!

तो म्हणाला, “भाऊजी, हिला स्वेटरचा वास येतोय.”

मी म्हणालो, “दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून तुझी जीभ कामातून गेली आहे.”

पत्नी म्हणाली, “अहो, त्याचं जरा ऐकून तरी घ्या.”

मी ऐकले नाही. तो टोपी घालून निघून गेला आणि नऊ वर्षे या घराचा जिना चढला नाही. पत्नी गेली तेव्हा आला, दारातूनच परत गेला. मी हट्टाने एकटाच ओढत राहिलो आणि प्रत्येक सिगारला चौऱ्याण्णव देत गेलो.

तीन वर्षांपूर्वी तिचे कपाट आवरताना पेटीच्या तळाशी कापडाची पुरचुंडी सापडली. आत सहा डांबराच्या गोळ्या. माझ्या सिगारना कीड लागू नये म्हणून तिने स्वतःच्या हाताने शिवलेली. ज्याला मी दुर्मिळ थंडावा म्हणत होतो तो हाच. उरलेली एक सिगार तेव्हापासून वेगळ्या डब्यात, रोज वारा देऊन जपली आहे.

मी जन्मभर गावाचे काटे बरोबर केले, आणि माझाच काटा बत्तीस गुणांनी चुकला. मेहुणा बरोबर होता. हे तोंडाने सांगायला मला या तीन वर्षांत जमले नाही, म्हणून लिहून देत आहे. मला त्याची फार आठवण येते.

पुरवणी (हाताने लिहिलेली, सह्यांपूर्वी): साक्षीला तोच हवा, असा माझा आग्रह होता. वकीलबाईंनी फोन केला, तो आला. बाईंनी कलम पाच मोठ्याने वाचले आणि सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही.

“म्हणजे सही केली तर सिगार नाही?” त्याने विचारले.

“नाही.”

त्याने खिशातून सिगार कापायची कात्री काढली. “मग तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची, भाऊजी? आणा इकडे.”

सबब कलम पाचमधील वस्तू आज दुपारी दोघांनी ओढून संपवली. कलमाचा बाकी मजकूर कायम. मिरी टिकून आहे, ओढ उत्तम, वास थोडा अजून आहेच. कार्डे वकीलबाईंनी उलटली. माझे एकाहत्तर, आणि ते काटेकोर आहेत. त्याचे चौऱ्याण्णव. याला म्हणतात जीभ?

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकी उघडी.
दिनांक: चौदा ऑक्टोबर, रविवार.

सही: मृत्युपत्र करणारा.

साक्षीदार एक: घरचे डॉक्टर. सह्यांना हजर. आधीच्या तासाभरात कोणी काय ओढले ते मी पाहिलेले नाही.

साक्षीदार दोन: मेहुणा. वरील सही माझ्यासमोर झाली. जिभेबद्दलचा शेरा खोडावा. चौऱ्याण्णव सिगारला नाहीत, ताईच्या कपाटाला दिले आहेत.