बर्करावांचं घराणं

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी डायरी. नवं करिअर.

अल कुसैसच्या ऑफिसातले अकाउंट्स आता सॉफ्टवेअर बघणार. बघू दे. ते सॉफ्टवेअर ऑडिटरला चहा पाजून गप्पांत गुंतवून दाखवेल, तेव्हा मानीन.

मालक हम्मादसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, राजनभाई, व्हिसा एप्रिलअखेर संपतोय. तोवर वाळवंटातल्या माझ्या धैदच्या फार्मवर जा, माझ्या आईला घोड्यांच्या कामात मदत कर. आई खूश झाली तर फार्मचा व्हिसा देऊ. नाही तर खलास. खलास म्हणताना हसले, म्हणजे काम झाल्यातच जमा.

मृणालिनीने विचारलं, तुला घोड्यातलं काय कळतं? म्हटलं, आडनाव पागनीस आहे, पूर्वजांनी पागा सांभाळल्या. म्हणाली, सांभाळल्या नाहीत, दाणावैरणीचा हिशोब लिहिला. बायको आहे की ऑडिटर!

वेदांग म्हणाला, डॅड, नेक्स्ट इयर माय बोर्ड्स. प्लीज डोन्ट मेक अस शिफ्ट टू पुणे. दोघांचा माझ्यावर विश्वास आहे, फक्त दाखवत नाहीत.

७ जानेवारी, मंगळवार

फार्म पाहिला. खजुरीची झाडं, वाळू, मधे तबेला. हम्मादसाहेबांच्या आईला सगळे उम्म हम्माद म्हणतात. मी अम्मा म्हणायचं ठरवलं. पर्सनल टच. हिंदी फर्डं बोलतात. म्हणाल्या, इथे शर्यती नाहीत, विक्री नाही, फक्त एक जुनं घराणं जपायचं.

आधी वदीमा नावाची घोडी दाखवली. गाभण आहे. हिला आजवर सगळे नरच झाले, हे सांगताना अम्मांचा आवाज जड झाला. आनंदानेच असणार. सगळे मुलगेच, केवढं भाग्य! तसं बोलून दाखवलं. त्या वळून घोडीची मान थोपटू लागल्या. भिडस्त स्वभाव.

शेवटच्या गाळ्यात मात्र खरा धनी उभा. बर्क, म्हणजे वीज. काय मान, काय डोळे! घराणं म्हणजे हाच, हे मला न सांगता कळलं. अनुभव लागतो. त्याने माझी टोपी खाल्ली. पहिल्याच भेटीत जवळीक.

१८ जानेवारी, शनिवार

संकल्प: पहाटे उठणे. स्वतःच्या हाताने खरारा करणे. रायडिंग शिकणे. अरबी शिकणे.

प्रगती: बूट घेतले. सहाशे दिरहॅम. मृणालिनीने मोठ्याने चौदा हजार रुपये म्हटलं, दुकानदारही दचकला. रायडिंग पुढे ढकललं, कारण बर्करावांचा मूड नव्हता. (बर्क नुसतं बरं दिसत नाही, राव लावलंय.) पहाटे उठण्यात अल बर्शाच्या घरापासूनचं अंतर आडवं येतं. अरबी: यल्ला (म्हणजे चला).

आज मृणालिनीही आली होती. आळिवाची खीर घेऊन. अम्मांनी चमचाभर चाखली आणि ओरडल्याच, अरे, ये तो रशाद! आमच्याकडेही बाळंतिणीला हेच देतात म्हणे. झालं, दोघी दिवसभर वदीमाच्या गाळ्यात बसून बाळंतपणावर बोलत राहिल्या. बायकांना विषय लागतो. बरंच झालं. घोडी त्यांनी बघावी, घराणं मी बघतो.

२ फेब्रुवारी, रविवार

मास्टरस्ट्रोक. फार्मच्या गेटवर फ्लेक्स लावला. मधे श्रीमंत बर्कराव, वर त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा, सगळे गोलात. खाली छोट्या गोलात मी, संवर्धक म्हणून. मृणालिनीने विचारलं, यात आई कुठाय? मी म्हटलं, वंशावळीत आई कशाला? तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. कौतुकाने.

हम्मादसाहेब फ्लेक्स बघून गाडीत बसून हसले. पुष्कळ हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना इतकं आनंदात पाहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बर्करावांनी दंडाला चावा घेतला. चूक माझी, आफ्टरशेव्ह बदललं होतं.

मृणालिनीने घरी मुलांच्या ट्यूशन्स घेणं सोडलं. आठवड्यातून चारदा फार्मवर जाते. वदीमा तिच्या हातून खाते, तिच्या आवाजाला कान टवकारते. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागतं. अम्मांनी आज मला विचारलं, घोडीची कास भरलीय का पाहिलीस? मी बाणेदारपणे सांगितलं, तो विभाग मिसेसकडे आहे.

पुढच्या शनिवारी ऊद मेथाला आपल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान. विषय: वाळवंटातील अश्वसंवर्धन, एक मराठी ठसा. मृणालिनी म्हणते, जाऊ नकोस, घोडी कधीही विईल. म्हटलं, जनावरांना काय, ती आपली आपण वितात.

२३ फेब्रुवारी, रविवार

व्याख्यान काल प्रचंड यशस्वी. पुढच्या दोन रांगा भरल्या होत्या. नंतर जेवण होतं, त्यामुळे मागच्याही भरल्या. फोन सायलेंटवर राहिला. सकाळी पाहतो तर मृणालिनीचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. ती कालपासून फार्मवरच होती.

पोहोचलो तेव्हा शिंगरू उभं राहून दूध पीत होतं. मृणालिनीचे कपडे रक्ताने, चिखलाने माखलेले. पहाटे एक पाय अडकला होता, डॉक्टर येईपर्यंत हिने घोडीचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. अम्मा भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होत्या. मी विचारलं, काय झालं? मृणालिनी म्हणाली, मादी.

मला फार वाईट वाटलं. माणुसकी आहे शेवटी. पुढे झालो, छातीवर हात ठेवला, अम्मांना म्हटलं, दिल छोटा मत करो. हमारे यहाँ कहते हैं, पहली बेटी, धन की पेटी. अगली बार इन्शाल्ला लड़का होगा.

मृणालिनीने डोळे मिटले.

हम्मादसाहेबांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, राजनभाई, आमच्याकडे घोड्यांचं घराणं आईकडून मोजतात. वदीमा त्यातली शेवटची मादी होती. इतकी वर्षं आई एका मादीसाठी दुआ मागत होती. आज झाली नसती तर माझ्या आजीच्या आजीपासून आलेली ओळ इथेच संपली असती. मी विचारलं, मग बर्कराव? म्हणाले, नर काय, शेजाऱ्याकडून मागून आणतात.

हे जॉइनिंगच्या वेळी सांगायला हवं होतं. ओरिएंटेशन नावाचा काही प्रकार असतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शेजारच्या फार्मची गाडी आली आणि बर्करावांना घेऊन गेली. त्यांचं इथलं काम संपलं म्हणे. मी निरोपाला हात केला. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. रागावले असतील.

१० एप्रिल, गुरुवार

ईद झाली. अम्मांसाठी खजुराचा भारी बॉक्स नेला. त्यांच्याच खजुरी आहेत, हे गेटवर लक्षात आलं. तरी दिला.

हम्मादसाहेबांनी बसवून घेतलं. आई खूप खूश आहे म्हणाले. मी उठून शेकहँडला हात पुढे केला. ते म्हणाले, फार्मचा व्हिसा तुमच्या मॅडमना देतोय. तबेला आता त्याच बघतील.

हात तसाच राहिला. मग त्यांनीच तो धरून हलवला.

घरी आलो. राग आला. मग लाज वाटली. मग मृणालिनीने वरणभात वाढला आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. पोराची शाळा वाचली. माझ्या भरवशावर असतो तर आत्ता बॅगा भरत असतो.

२९ एप्रिल, मंगळवार

टायपिंग सेंटर, म्हणजे व्हिसाचे फॉर्म भरून देणारं दुकान. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, स्पॉन्सर? मृणालिनी म्हणाली, मी. मुलगी म्हणाली, डिपेंडंट्स? मृणालिनीने आम्हा दोघांकडे बोट दाखवलं. मी बायोडेटा नेला होता. तो लागत नाही म्हणाली. व्यवसायाच्या रकान्यात तिने मला न विचारताच रेघ मारली.

मृणालिनी सही करून थेट धैदला निघाली. तिला उशीर होत होता. आम्ही दोघं मेट्रोने घरी.

वाटेत वेदांग म्हणाला, चिल, डॅड. वी आर बोथ मॉम्स डिपेंडंट्स नाऊ. फक्त मी जॉब लागेपर्यंत. यू आर परमनंट.

इतकी वर्षं या देशात काढली. परमनंट मला आज पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं.