गच्चीवरचे सात फूट

ता. ३ मार्च १९९६

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

झाला एकदाचा! तुझ्याकडून आणलेली आणि माझ्याकडची आठ मिलिमीटरची रिळं मिळून आपल्या घराचा एकच सलग सिनेमा तयार झाला. सव्वा तास. चार महिने कापाकापी आणि चिकटवाचिकटवी चालली होती. काल दुपारी पडदे ओढून, भिंतीवर चादर ताणून सगळ्यांना दाखवला. शेजारचे इंजिनियर सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, पण तेही म्हणाले की चित्र कुठे तसूभर हललं नाही.

एक नियम पहिल्या दिवसापासून पाळला, हललं की कापायचं. जन्मभर नकाशे काढले, वाकडी रेघ मला सोसत नाही. तुझ्या रिळातला तुझ्या घड्याळजी नवऱ्याचा गच्चीवरचा तुकडा त्यातच गेला. तू काढला होतास ना तो? हातात कॅमेरा धरला होतास की पाळणा? सात फूट फिल्म, नुसते हेलकावे. रुसू नकोस, पुढचं-मागचं सगळं शाबूत आहे.

रिळांसाठी नवं लोखंडी कपाट केलं, दाराला रबराची पट्टी. एकशे ऐंशी रिळं बसली. आता भीती एकच. एक जरी आंबलेलं रीळ आत गेलं तर त्याच्या वाफेने शेजारची सगळी आंबतात, आकसतात आणि कामातून जातात. वासावरून लगेच कळतं म्हणतात, पण त्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. म्हणून नवं रीळ आधी तुझ्या वहिनीच्या नाकाखालून जातं. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्या हुंगल्यात तिने, ती फसत नाही.

जुन्या बाजारात काही हाताला लागलं तर आधी मला कळव.

तुझा,
दादा


ता. ९ मार्च १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला, म्हणून दोन दिवस थांबून लिहायला बसले. थांबून काही फरक पडलेला नाही.

आमच्याकडे कॅमेरा कायम ह्यांच्या हातात. एकोणीस वर्षांत ह्यांनी मला, पोरींना, मांजराला, दुकानातल्या घड्याळांनासुद्धा टिपलं. हे स्वतः कुठेच नाहीत. फक्त त्या गच्चीवर, कारण त्या दिवशी कॅमेरा मी हिसकावून घेतला होता. कापडी आरामखुर्ची उलगडायचा प्रयत्न चालला होता. घड्याळात केसाएवढा स्क्रू बसवणारा माणूस, आणि खुर्ची काही त्यांना आवरेना. ती मिटली की हे हसायचे, आणि मी हसत होते म्हणून चित्र हललं. शेवटी हे हात पुढे करून कॅमेऱ्याकडे येतात आणि काहीतरी बोलतात. मला वाटतं, कॅमेऱ्याची चावी संपत आली असं म्हणतात, पण दर वेळी बघताना वाटायचं की नाही, वेगळंच काही म्हणाले.

हे जाऊन सहा वर्षं झाली. चालणारे, हसणारे हे जगात तेवढ्या सात फुटांतच उरले होते. या फिल्मची दुसरी प्रत नसते हे तूच मला शिकवलंस.

टोपलीत, टेबलाखाली, जिथे पडले असतील तिथून ते शोध. चिकटवायचं मी बघते, पुस्तकांची बांधणी करण्यातच माझा जन्म गेला. मी अजून मागतेच आहे, भांडत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी


ता. २० मार्च १९९६

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

शोधलं. टोपली केव्हाच रिकामी झाली, कचरा गेला. आता त्यावर किती दिवस डोकं पिकवायचं?

घड्याळजी होता तेव्हा तो ऐकत नाही म्हणून माझ्याकडेच रडगाणी लिहायचीस, आणि आता सात फुटांसाठी एवढा आकांत! त्याचा मोठा फोटो आहे ना तुझ्या भिंतीवर? तो निदान हलत तरी नाही. गंमत केली, घे हसून.

तुझ्याकडे सर्कशीचं रीळ आहे असं कानावर आलं. माझ्या कपाटात सर्कस नाही. विचार कर.

दादा


ता. ११ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आठ महिन्यांचा अबोला आज मीच सोडते. या वयात भावाशी किती दिवस धरून ठेवायचं?

सोबत सर्कशीचं रीळ पाठवते आहे. तुला कायमचं. झोपाळ्यावरच्या बाया आहेत, सायकलवरचं अस्वल आहे, आणि चित्र अगदी स्थिर आहे, तुला आवडेल. वहिनी लेकीकडे गेली आहे आणि महिन्याने परतेल असं तिच्या पत्रात होतं. तिची वाट बघत डबा बाहेर ठेवू नकोस, धूळ बसेल. मी स्वतः हुंगून पाठवते आहे, माझं नाक अजून शाबूत आहे. वास कसा आहे ते मला पक्कं ठाऊक आहे.

मधल्या कप्प्यात ठेव, आईच्या रिळांना लागून. डब्याचं झाकण सैल आहे, ते तसंच असू दे. तुझ्या रबराच्या पट्टीमागे सर्कस सुखात राहील.

माझा लोभ किती आहे ते तुला हळूहळू कळेलच.

तुझी,
धाकटी


ता. १९ डिसेंबर १९९६

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

परवा लेकीकडून परत आले. नातू गुटगुटीत आहे, नाक आमच्या घरचं आहे. काल कपाट उघडलं आणि सर्कस सरळ मस्तकात गेली. व्हिनेगरची बाटली फुटावी तसा वास. तुमचं पत्र टेबलावरच होतं. तुम्ही स्वतः हुंगलं असं त्यात लिहिलंत, तेव्हा हे चुकून झालेलं नाही. घाबरू नका, हे तक्रारीचं पत्र नव्हे.

तुमचे सात फूट कचऱ्यात गेलेले नाहीत. ह्यांच्या हातून सुतळीचा तुकडा टाकवत नाही, तिथे फिल्म कुठली टाकतात! खालच्या कप्प्यात बिस्किटांचा चपटा डबा आहे, त्यावर सुबक अक्षरांत ‘चाचणी’ असं लिहिलंय. नवा किंवा दुरुस्त केलेला प्रोजेक्टर आला की चांगल्या रिळावर ओरखडा पडू नये म्हणून आधी त्या डब्यातली फिल्म घालून बघतात. तुमचीच, कारण ती लांबीला बरी पडते. मार्चपासून चार मशिनं आली आणि चारही वेळा सगळ्यांत आधी आमच्या भिंतीवर भाऊजींची खुर्ची मिटली. एक मशीन तर फिल्म चावत होतं, तेही भाऊजींनाच घालून कळलं.

तुमचं मार्चमधलं पत्र मी वाचलं होतं. देऊन टाका म्हटलं, तर हे म्हणाले, मग चाचणीला काय वापरू? मी मूग गिळून गप्प बसले. त्याची मला लाज वाटते, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

त्याच डब्यात मीही आहे. त्या सव्वा तासात मी कुठे दिसले तुम्हाला? ट्रे धरलेला एक हात, बस. मी कॅमेऱ्याकडे बघते म्हणून प्रत्येक ठिकाणी कापलं. चौतीस वर्षांचा संसार आणि माझा हात तेवढा राहिला. माझं हे कापलं जाणं कालच डबा उपसताना कळलं.

माझे तुकडे मी काढून घेतले. तुमचे रुमालात गुंडाळून सोबत पाठवते आहे. संध्याकाळी ह्यांनी विचारलं की सर्कशीला वासबिस नाही ना. मी सांगितलं, उत्तम आहे. मग कपाटाचं दार लावून घेतलं. रबर अगदी छान बसतं.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
वहिनी


ता. २ सप्टेंबर १९९९

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

मोठ्या पेचात सापडलो आहे. चित्र हलतंय.

सुरुवातीला वाटलं मशीन बिघडलं. मशीन बदललं, मग आणखी एक बदललं. आपला सव्वा तासाचा सिनेमा लावला तर माणसं जागच्या जागी थडथडतात, चेहरे मधेच धूसर होतात. आईची रिळं तर मशीनच्या दातांवर बसतच नाहीत. इंजिनियर परवा अर्ध्यातून उठून गेले. येणारा-जाणारा नाक मुरडतो आणि खिडकी उघडा म्हणतो. तुझ्या वहिनीला विचारलं तर तिला कसलाच वास येत नाही, वय झालं म्हणते.

दोष मशीनमध्ये आहे की फिल्ममध्ये तेच समजेना. माझ्याकडे चाचणीची एक पट्टी असायची. ती लावली असती तर मिनिटात उलगडा झाला असता, पण गेली दोन-तीन वर्षं ती सापडत नाही. तुला रिळांची जाण आहे. चार दिवस येऊन जा. या कपाटाशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.

तुझा,
दादा


ता. ८ सप्टेंबर १९९९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी चाचणीची पट्टी माझ्याकडे आहे. कशी आली ते विचारत बसू नकोस, डब्यात कशी गेली होती ते मीही विचारत नाही.

मी काढली तेव्हा तिच्यावर एक ओरखडा नव्हता. आता ह्यांच्या चेहऱ्यावरून तीन हिरव्या रेघा उभ्या जातात. शेवटच्या फूटभराची कडेची भोकं तुझ्या कुठल्याशा मशीनने चावली आहेत, नेमकं हे पुढे येऊन बोलतात तिथेच. तिथून पुढे ती चालत नाही. मी बांधणीचा सगळा अनुभव पणाला लावला, कागद लावला, टेप लावली, पण जमलं नाही. हे काय म्हणाले ते आता मला कधीच कळणार नाही. उरलेली रोज दुपारी खिडकी लावून एकदा बघते. खुर्ची मिटते, हे हसतात आणि हात पुढे करतात, तिथे मी मशीन बंद करते.

तेव्हा उलगडा मीच करते. तुझं मशीन ठीक आहे, दोष फिल्ममध्ये आहे. सर्कस आंबलेली होती. मी हुंगूनच पाठवली होती आणि झाकणही मीच सैल ठेवलं होतं. त्या कपाटात आई आहे, दोन वेण्यांतली मी आहे, हे मला माहीत होतं. डबा बांधताना आईची आठवण येऊन हात थांबलाही होता. तरी बांधला. ते माझं मी बघून घेईन.

मी येणार नाही. उपाय विचारला आहेस, तर तो तुझाच आहे, तीन मार्चच्या पत्रातला. ते पत्र मी जपून ठेवलंय. पडदे ओढ, चादर ताण, कात्री हाताशी घे आणि पहिल्या रिळापासून सुरुवात कर.

हललं की काप.

तुझी,
धाकटी