ओरेस्टचं वाक्य

३ ऑक्टोबर
ओरेस्ट पुन्हा चाहत्यांच्या मेळाव्याला निघालाय! वर मला म्हणतो, "चल की, विल्फ! माझ्या बाजूला बस, डोनट खा."
त्याच्या बाजूला!
'सातवी पलटण' टीव्हीवर दहा वर्षं चालली. दहाही वर्षं आम्ही दोघे तिच्यात एक्स्ट्रा सैनिक. व्हँकुव्हरबाहेरची तीच देवदारं, तोच चिखल, आणि दर आठवड्याला म्हणे नवा ग्रह! मी एकोणीस वेळा मेलो, ओरेस्ट बारा. पण त्याला एक वाक्य मिळालं— "पूल पडतोय, कॅप्टन!" तीन शब्द. मालिका संपून वीस वर्षं झाली, तरी लोक ते छातीवर छापून हिंडतात.
मला एकही नाही. मला— ज्याला शाळेतल्या सगळ्या कविता अजून तोंडपाठ!

५ ऑक्टोबर
जाणार नाही.

६ ऑक्टोबर
ओरेस्टचा फोन. "कोटाला इस्त्री केलीस का रे, म्हाताऱ्या?"
केली होती.

८ ऑक्टोबर
बर्नबीच्या हॉटेलात दारापर्यंत रांग. सगळी ओरेस्टसाठी. एकीनं त्याच्याकडून वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा आवाज फाटला, तरी टाळ्या! 'पडतोय' म्हटल्यावर जरा थांबायला हवं. हा कोंबड्या हाकलल्यासारखं म्हणतो.
मग टॅमसिन नावाची बाई आली. तिला ऐकू येत नाही, ओठ वाचते. ती थेट माझ्याकडे! मागच्या सैनिकांनी आवाज न करता नुसते ओठ हलवायचे, असा आमचा नियम असे. मी त्यात नेहमी शाळेतली नदीची कविता म्हणायचो. तिनं वहीत लिहून दाखवलं— 'नदीवाले तुम्हीच ना? तुमच्यामुळे ती कविता शोधून वाचली मी.'
डोळे भरून आले. वीस वर्षांनी पहिली श्रोती— आणि ती ही!
तिनं पुढे लिहिलं— 'पुलाच्या प्रसंगात मात्र कविता नाही. तुमचा मित्र बोलतो, तेव्हा तुमचे ओठही तेच वाक्य म्हणतात.'
घाम फुटला मला. हा अडखळावा, विसरावा, म्हणजे दिग्दर्शक माझ्याकडे वळतील— तेव्हा एवढंच मनात होतं. आणि ते पडद्यावर दिसतं! इतकी वर्षं, सगळ्यांना!
ओरेस्टनं वहीत डोकावून वाचलं. परतताना गाडीत एक शब्द नाही. कळलं त्याला. संपली आमची मैत्री.

९ ऑक्टोबर
सकाळीच ओरेस्टचा फोन. रडत होता.
"म्हणजे तुला ठाऊक होतं, विल्फ! दिग्दर्शकांनी वाक्य तुला दिलं होतं. हाका मारत होते तुला, आणि तू तिकडे झाडांत कविता पुटपुटत फिरत होतास. मीच 'आलो, आलो' म्हणत पुढे झालो. इतकी वर्षं एका शब्दानं बोलला नाहीस! केवढं मोठं मन रे तुझं!"
मला काहीच ठाऊक नव्हतं.
"असू दे रे," म्हणालो.